लिहून देणार

यावलच्या तहसिलीबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. एक संगणक, एक प्रिंटर,
आणि बॅटरी, जी वीज गेली की
दोन करारनाम्यांपुरती जगते.

दिगंबर नेहेते पाचशेचा कागद घेऊन आले.
मागून सुभान तडवी, हातात पान्यांची पिशवी.
"लिहा बाई. हा आपला घरचाच मानूस.
केळी पिकवायच्या चेंबरचे चारी कंप्रेसर याच्याच हातचे.
पन सीए म्हनतो, आता कागद पाहिजे."

मी सुरुवात केली, रोज करते तशी.
लिहून घेणार, नेहेते. लिहून देणार, तडवी.
वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा
इथे बोट थांबलं.
"धंदा काय लिहू?"
नेहेते खिशातली चिठ्ठी वाचून म्हणाले,
"स्वतंत्र कंत्राटदार."
इतका वेळ उभा असलेल्या सुभाननं
तेव्हा कुठे खुर्ची ओढली.

सदर इसम लिहून घेणार यांचा नोकर नाही.
पुढेमागे तसा हक्क सांगणार नाही.
अवजारं त्याची स्वतःची.
हात कापला, गॅस डोळ्यांत गेला,
तर तेही त्याचं स्वतःचं.
नेहेते सांगत होते, मी कळा दाबत होते.
एकोणीस वर्षांच्या घरच्या माणसाला
आम्ही दोघं मिळून
उंबऱ्याबाहेर नेत होतो, कलमाकलमानं,
आणि तो समोर बसून चहा निववत होता.

"ताई, सोतंत्र म्हनजे काय, ते मले एकदा सांगा."

सांगितलं. काम कसं करायचं, तुम्ही ठरवायचं.
केव्हा, तेही.
दुसऱ्याचं काम घ्यायला मोकळे.
"म्हनजे फैजपूरच्या चेंबरचं बी?"
कुणाचंही.
"आन् केव्हा, हे मी ठरवाचं."
कागद तरी तसंच म्हणतो.

त्यानं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.
पाने एकमेकांवर वाजले.
"मंग लिहा. रात्री दहानंतर बोलावलं तं दीडपट.
ईदच्या दिवशी मी नाही.
पोरीचा पेपर असला, तं तवा बी नाही.
आन् फोनवर 'ए सुभान्या' चालनार नाही."

नेहेते हसले. मग हसू तोंडावर तसंच राहिलं,
उतरायची जागा न सापडल्यासारखं.
"अरे, केळी काय घड्याळ पाहून पिकते का?
रात्री दोनले कूलिंग बंद पडलं तं?"
"तं दीडपट," सुभान म्हणाला.
"मी नोकर नाही. तुम्हीच तं सांगलं आता."

माझ्याकडे वडिलांच्या वेळचे नमुने आहेत.
भाडेकरार, सोडचिठ्ठी, बैलाची खरेदी, वाटणीपत्र.
कुणी कुणाला कशी हाक मारावी
याचा नमुना त्यांत नाही.
थोडा विचार करून टाइप केलं:
उभय पक्ष परस्परांस पूर्ण नावाने संबोधतील.
"हे कोर्टात टिकीन का?" नेहेत्यांनी विचारलं.
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

प्रिंट आली. माझा फाँट जुना,
त्यात 'त्र' कधीकधी फुटतो.
प्रत्येक पानावर 'स्वतं' आणि पुढे
एक रिकामा चौकोन.
मी पेनानं एकेक 'त्र' भरला,
आणि दुरुस्तीला दोघांची सही लागते म्हणून
दोघंही वाकले, पानापानावर,
त्या एका अक्षराच्या शेजारी.
राजीखुशीने. शुद्धीवर असताना. कोणाच्याही दबावाशिवाय.

नेहेते मोटरसायकलला किक मारून गेलेसुद्धा.
माझे दोनशे कोणी द्यायचे,
हे कलम लिहायचं राहूनच गेलं होतं.
सुभाननं शंभराची नोट काचेखाली सरकवली.
"अर्धे माझे. बाकीचे त्यांच्याकडून घ्या,"
आणि पिशवी उचलता उचलता,
शाळेत हजेरी घेतात तसा, सावकाश,
"दिगंबर पंढरीनाथ नेहेते."