नोंदणी नसताना

मुदत रविवारी संपली.
अर्ज दिल्लीला जाऊन सव्वा महिना झालेला,
पोच होती, फीची पावती होती,
नव्हती ती फक्त पुढची तारीख.

सोमवारी सकाळी फ्रेम उतरवली.
भिंतीवर राहिला मूळ पिस्ता रंगाचा चौकोन.
बाकीची भिंत इतकी विटलीय
हे पाच वर्षांत दिसलंच नव्हतं.

मग बाहेरची पाटी.
वरची ओळ कन्नडात, ठळक,
खाली मराठीत माझं नाव, अंग चोरून.
दोन्हींवर वर्तमानपत्र चिकटवलं.
निपाणीत पाटी झाकली की लोक थांबतात
आणि विचारतात, कुणी झाकायला लावली?
कायद्यानं, मी म्हणाले.
कुठल्या सरकारच्या? पानवाल्या मुजावरनं विचारलं.

वरच्या मजल्यावर अंतर्मन-विकासवाले खोत.
त्यांच्या भिंतीवर सात प्रमाणपत्रं, सगळी लॅमिनेट केलेली,
एकाचाही क्रमांक कुठल्या यादीत सापडत नाही.
गेल्या वर्षी मीच त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहिली होती,
'नोंदणी नसताना' हे दोन शब्द अधोरेखित करून.
जिन्यात भेटले. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.
"मॅडम, चालू ठेवा की. कोण बघतंय?"

खरंच, कोण बघतंय?
शनिवारी जे येत होतं
ते सोमवारी काही विसरले नव्हते.

सगळ्यांना फोन केले. चिकोडीच्या मुलाला,
संकेश्वरच्या मास्तरांना.
बेळगावच्या दवाखान्यातल्या बाईंचं नाव दिलं, नंबर दिला.
आक्काताईचा फोन धाकट्यानं उचलला.
ती इथं येते हे त्याला ठाऊक नाही.
राँग नंबर, म्हणाले. ठेवला.

त्यामुळं गुरुवारी ती आली.
सौंदलग्याची सकाळची बस, नखांत तंबाखू,
पिशवीत कातरायची राहिलेली पानं.
"बंद हाय व्हय? बसतो मी पायरीवर."

मी समजावलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत.
ती म्हणाली, "परवाना सपला की थोरल्याची रिक्षाबी थांबती.
मग तो ती ढकलत न्हेतो घरला.
पाशिंजर घेत न्हाई."
तसंच, मी म्हटलं.

चहा मागवला.
चहाला नोंदणी लागत नाही.
पण पहिल्या घोटालाच तोंडाशी आलं,
झोप कशी लागतेय अलीकडं?
आणि तो प्रश्न बशीत ओतून मी फुंकत राहिले.
इकडच्या कुणालाही विचारा, हद्द कुठून जाते?
हात लांब करून दाखवेल, त्या ओढ्यापाशी, त्या दगडापाशी.
मला दाखवता येईना
चहा कुठं संपतो.

"ह्या खेपंची पानं लई वल्ली हायत," ती म्हणाली,
"कातरताना फाटत्यात."
पानं ओली असणं म्हणजे काय
हे गेल्या चार महिन्यांत आम्ही दोघी मिळून शिकलो होतो.
मी पानांपुरतंच ऐकलं.
पानांपुरतंच ऐकल्याचं तिच्या लक्षात आलं.

एकच विचारलं, जे कुणीही कुणाला विचारावं.
रात्री घरात एकटी नसतेस ना?
"सून हाय की."
बेळगावच्या बाईंचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला.
तिनं चिठ्ठी विडीसारखी वळली, बोटांनीच,
आणि पदराच्या गाठीत बांधली.

तेवढ्यात खोत जिना उतरले.
"काकू, उन्हात कशाला? वर या, पंखा आहे."
ती माझ्याकडं बघत राहिली.
मी म्हणाले, त्यांच्याकडंही नोंदणी नाही.

ती उठली, परकर झटकला,
"येतो मी," म्हणाली आणि स्टँडकडं वळली.
खोतही गेले.

रिकामे ग्लास न्यायला पोरगं आलं तरी
मी पायरीवरच होते,
त्या वाक्यातला 'ही'
दाताखाली आलेल्या खड्यासारखा घोळवत.