ज्येष्ठता यादी

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा खोक्यांचा कारखाना.
फेणीच्या बारा बाटल्या, मध्ये पुठ्ठ्याची जाळी,
कडांना पिना.
मी टाइमकीपर. हजेरीपुस्तकं माझ्याकडे,
म्हणून यादीही माझ्याकडेच आली.

साहेब म्हणाले, चौदा जणं. कायद्यात बसवा.
कायदा तसा सरळ आहे:
शेवटी आला तो आधी जाईल.
महिन्याची नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार.
वर्षाला पंधरा दिवस,
आणि वरचे महिने सहाच्या पुढे गेले
तर तेही वर्षच धरायचं.
फळ्यावर यादी सात दिवस आधी. सरकारला प्रत.
कोणी कोणाच्या तोंडावर सांगायचं
ते कुठल्या कलमात सापडलं नाही.

रात्री जुनी पुस्तकं काढली, वाळवीने कडा खाल्लेली.
शाबा वेळीप आणि पिएदाद रिबेलो,
भरती एकाच तारखेची.
शाबाची सही वर, तिची खाली.
त्या सकाळी दिवाडीची फेरीबोट उशिरा लागली होती,
एवढंच तिचं धाकटेपण.
चौदावं नाव तिचं.

अकरा वर्षं, पाच महिने, एकोणतीस दिवस.
कॅल्क्युलेटरवर केलं, मग बोटांवर,
मग बायकोला उठवून तिच्याकडून मोजून घेतलं.
आकडा हलेना.

सोमवारी यादी लावायची.
साहेबांना म्हटलं, टाचण्या संपल्यात.
मागे गोणींनी पिना पडलेल्या
आणि मी हे म्हटलं.
मंगळवारी फळ्याच्या काचेची किल्ली सापडेना.
बुधवारी शिक्का उलटा बसला, सगळं परत टाइप.
गुरुवारी लावली.
अखेरची तारीखही मुकाट तीन घरं पुढे सरकली.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
मग गोणींकडे,
आणि चहा मागवला.

हिशेबाच्या दिवशी पिएदाद कागद उन्हात धरून उभी.
ओठ हलत होते तिचे.
"फटूबाब, पंधरा दिवस ज्यादा पडल्यात. बघ हां,
मागाहून कापून घेशील."
म्हटलं, नियमच तसा आहे.
"बरा आहे मग नियम," ती म्हणाली,
आणि डब्यातली उरलेली पोळी
मशीनखालच्या मांजरीला घालून आली.

संध्याकाळी पावत्यांची वही बंद करताना पाहिलं,
त्या दिवशी ती पहिल्या फेरीबोटीने आली असावी.
सगळ्यात वरची सही तिची होती.