पोट-

परिपत्रकात ‘उप’ लिहितात:
उपअनुदान, उपकंत्राटदार.
पण वडाळ्याच्या आमच्या कचेरीत
गुरवसाहेब अजून जुनंच बोलतात,
पोटठेकेदार, पोटसंस्था, पोटकलम चार.
मोठ्या पैशाच्या पोटात लहान पैसा,
त्याच्याही पोटात चिल्लर,
आणि माझी नोकरी एवढीच, की
दर महिनाअखेरीला
पोट उघडून सरकारला दाखवायचं.

आज तीस तारीख. पोर्टल बारापर्यंत.

पोटसंस्था क्रमांक सात.
मानखुर्द, इमारत अठ्ठावीस, तळमजला.
क्षयाच्या रुग्णांना रोज एक अंडं,
एक शेंगदाण्याची चिक्की.
प्रमुख: सुगंधा खरटमल.
पावत्या दुधाच्या पिशवीत, पिशवी डब्यात,
डबा माळ्यावर,
कारण गटाराचं पाणी खालून येतं.

रकाना अकरा विचारतो:
संस्थेत सर्वाधिक वेतन घेणाऱ्या पाच व्यक्ती,
नाव आणि वार्षिक रक्कम.
रिकामा सोडला तर लाल.
शून्य टाकलं तरी लाल.

फोन लावला. मागे कुकरची शिट्टी.
“पाच कुठनं आणू मॅडम? तिघी आहोत.
मी, यास्मीन, जयवंता.
जास्त यास्मीनलाच, महिन्याला साडेचार हजार.
लिफ्ट बंद असते, सात मजले तीच चढते.
मला लावू नका, मी घेत नाही.”
मग जरा थांबून,
“घ्यायला पायजे होते का?”

मी म्हटलं, बघते.
आमच्या कचेरीची पाच नावं
मी सकाळीच भरली होती, न अडखळता.
गुरवसाहेब दुसरे.
मी सहावी, म्हणून कुठेच नाही.

“आणि ते चौदा अंड्यांचं?
बारा तारखेला रिक्षा खड्ड्यात गेली, चौदा फुटली.
वहीत लिहिलंय.
त्या दिवशी चौदा जणांना उकडून चणे दिले.
चणे घरचे होते.
ते कुठं लिहायचे?”

ती वही मी पाहिली आहे.
चौकटीची, पोराच्या गणिताची,
एका चौकटीत एका दिवसाचं एक अंडं.
गेल्या पाहणीला ऑडिटर
एका ओळीवर बोट ठेवून थांबले होते:
नऊ तारखेपासून पुढे कोरी.
ही गाळली का?
गाळली नाही, सुगंधाबाई म्हणाल्या,
माणूस गेला.
त्यांनी पेन्सिलीनं एक टिंब दिलं
आणि पान उलटलं.
पेन्सिलीचं टिंब म्हणजे नंतर बघू.
नंतर कुणी बघितलं नाही.

साडेदहाला साहेब बॅग आवरत आले.
काय अडलंय?
खरेदी आणि वाटपात चौदाचा फरक.
“चौदा अंडीच ना? घाल पोटात,”
म्हणाले, आणि स्वतःच हसले,
मग मला हसताना न पाहून
जिन्याकडे वळले.
माणूस वाईट नाही.
आमच्या बारा टक्के प्रशासकीय खर्चाला
पावती कुणी मागत नाही,
इतकंच.

शेऱ्याच्या चौकटीत दोनशे अक्षरं मावतात.
मी लिहिलं:
‘बारा तारखेला वाहतुकीत चौदा अंडी फुटली.
ऐवजी चणे दिले.
चण्यांची किंमत संस्थेने मागितलेली नाही.’
‘मागितलेली नाही’ खोडलं.
‘लावलेली नाही’ केलं.
परत ‘मागितलेली नाही’ केलं.
खाली आकडा उलटा मोजत होता,
अजून नव्वदएक अक्षरं शिल्लक,
आणि मला त्यांत काय घालावं सुचेना.

रकाना अकरात तीन नावं टाकली.
सुगंधाबाईंपुढे एक रुपया.
शून्य चालत नाही, एक चालतो.
हे खोटं आहे, ते माझ्या सहीनं आहे,
ते इथे लिहून ठेवते.

अकरा बावन्नला हिरवं झालं.
पोचपावतीचा फोटो मानखुर्दला पाठवला.
लगेच फोन. एवढ्या रात्री.
“फोटो नको मॅडम, कागद द्या.
पिशवीत ठेवायला.”