उद्गारचिन्हाशिवाय

साडेसहानंतर ऑफिसातला कॉम्प्युटर माझा.
दिवाणजी किल्ल्या ठेवून जातात,
"मालन, पंखा बंद करशील."
पंखा मी लावतच नाही. बेदाण्याचे देठ उडतात
आणि कीबोर्डात जाऊन बसतात.

भाच्यानं पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलंय:
यादी चौकोनी कंसात, नावं अवतरणात,
मधे स्वल्पविराम. विसरलीस तर ओरडेल.
भाषेचं नाव रुबी, म्हणजे माणिक.
म्हटलं, असू दे. तासगावात बसून
एखादा खडा आपल्याही हाताला लागू दे.

त्याच्या यादीत सफरचंद, केळं, आंबा.
मी पुसलं आणि लिहिलं:

टेबल = ["जैबून", "हौसा", "विजयमाला", "त्रिशला", "मालन"]

निवडायच्या टेबलाला बसायचो त्याच क्रमानं,
दारापासून खिडकीपर्यंत.

जैबूनचा नंबर शून्य.
हे मला पटेना. सोळा वर्षं
जी सगळ्यांच्या आधी येऊन ताडपत्री झटकायची
तिला शून्य?
भाचा म्हणाला, मावशी, तो मान नाही,
सुरुवातीपासून किती पावलं चालायची तेवढं फक्त.
मग बरोबर आहे.
जैबूनपाशी जायला चालावं लागायचंच नाही,
ती दारातच असायची.

सिलेक्ट मला कुणी शिकवायला लागलं नाही.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खालच्या पाटीत.
रिजेक्ट म्हणजे तेच, नजर फक्त उलटी.
फरक एवढाच की इथं मान धरत नाही
आणि बोटं चिकट होत नाहीत.

रिव्हर्स केलं: खिडकी दारात आली.
शफल केलं: हौसा आणि त्रिशला शेजारी शेजारी.
बापरे.
एका डब्याच्या झाकणावरून नऊ महिने
त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या,
विजयमाला मधे बसून निरोप पोचवायची.
परत दाबलं. परत शेजारी.
यंत्राला आतलं काही माहीत नसतं.

दिवाळीनंतर शेडमध्ये मशीन आलं.
त्याचा कॅमेरा एकेक दाणा बघतो,
नको तो वाऱ्याच्या फुंकरीनं उडवतो.
सिलेक्ट, रिजेक्ट, एका दमात,
आम्हा पाचजणींचा दिवस
त्याच्या पाऊण तासात.
माझं अक्षर बरं, म्हणून मला वर घेतलं.
अक्षर बरं, म्हणून मस्टरवर
चौघींच्या नावावर रेघही मलाच मारायला लावली.
पट्टी धरून मारली.
जैबून आता मिरजेला, लेकाकडं. फोनवर विचारते,
"माझी पाटी कुणाला दिली गं?"

पॉप शेवटचं नाव काढतं.
शेवटचं माझं होतं. केलं.
खालच्या ओळीत माझंच नाव आलं, "मालन",
कुणी तळहातावर आणून ठेवावं तसं.
काढलेलं निदान हातात तरी देतं हे.
मस्टरनं मला काही दिलं नव्हतं.
थोडा वेळ तशीच बसले
चौघींच्या यादीबाहेर,
मग पुश करून परत खिडकीपाशी गेले.

आज सॉर्ट.
जैबून, त्रिशला, मालन, विजयमाला, हौसा.
बाराखडीनं बसवलं तरी जैबून दारातच!
कागदावर भाच्यानं लाल शाईत लिहिलंय:
सॉर्टपुढं उद्गारचिन्ह दिलंस
तर मूळची यादीच बदलते.
नाही दिलंस तर दुसरी करून दाखवतो,
पहिली तशीच राहते.

बोट त्या चिन्हावर नेलं होतं मी.
नको म्हटलं.
टेबल एवढंच टाईप केलं, एंटर दाबलं,
आणि आल्या, जशा बसायच्या तशा,
हौसा, मधे विजयमाला, मग त्रिशला.

बंद केलं की हे सगळं पुसलं जातं,
साठवायचं कसं ते पुढच्या पानावर आहे.
उद्या परत लिहीन.
कागद बघावा लागत नाही आता,
स्वल्पविराम तेवढा एखादा राहतो.