गाळ

पोरीनं एका दिवसात तीन गावं दाखवली:
लायडन, डेल्फ्ट, अन् तिसऱ्याचं नाव
तिकिटावर होतं, ते तिकीट धुण्यात गेलं.
सगळीकडे पाणी, घराच्या पायरीला लागून
हाताची घडी घालून बसलेलं.

मी सिंचन खात्याचा ट्रेसर.
पेंचचा डावा कालवा तीस वर्षं शाईनं वाहवला.
पुलावर वाकून विचारलं, गाळ कधी काढता?
नावाडी हसला.
पोरगी दुसरीकडे पाहू लागली.

आज अशोक चौकाच्या पुलावर थांबलो.
खाली नागनदी, फेसाळ, काळी,
कुणाची तरी गादी अडकलीय खांबाला.
मागून भोयर, स्कूटर बंद न करताच:
"काय पाहून राहिले साहेब?"

म्हटलं, दीड मीटर.
त्यातलं पाणी किती, सांगता येत नाही.