पहिल्यांदा छापलेलं नाव

कच्छचा दगड, पिवळट, मुठीत भुगा होणारा,
पार्सल ऑफिसातून रिक्षानं आणला.
सोलापूरच्या पोटात नुसता काळा पाषाण,
शिंपला म्हणून एक नाही.

नळ पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
त्या पिंपातले चार तांबे
मी एका समुद्रावर ओतते.
चाळणीतून गढूळ कच्छ निघून जातो,
जाळीवर उरतात चिमूटभर ठिपके.
इरण्णा विचारतो, मॅडम, हे पाणी कडुनिंबाला घालू?
घाल.

एप्रिल. त्रेचाळीस अंश. पंखा बंद.
लावला तर चार कोटी वर्षं टेबलावरून उडतात.
एक तर गेल्या साली शिंकेतच गेलं.
तीन शून्यांचा कुंचला, टोकाला जिभेची ओल,
उचल, ठेव, काळ्या पुठ्ठ्याच्या घरात.

कवच लहान, दोन्ही बाजूंनी फुगीर.
शेवटच्या वेढ्यात कप्पे नऊ, क्वचित दहा.
शिवणी मागे वळलेल्या.
मुख तळाशी, चिरेसारखं; बारीक ओठ.

असंच लिहायचं असतं, क्रियापदं टाळून,
म्हणजे कुणी जगलं होतं असं वाटत नाही.
पण शेवटच्या कप्प्यापाशी मी अडते.
तो आधीच्याहून लहान. प्रत्येक नमुन्यात.
वाढत वाढत आलेल्यानं
शेवटची खोली आखडती का घेतली?
'चर्चा' या मथळ्याखाली
याला दोन ओळी मिळतील.

परीक्षकाचं पत्र आलं:
एकतीसपैकी अकरा नमुने
जुन्याच जातीची पिल्लं असावीत. वगळा.
आई म्हणाली, किती छाट?
अकरा.
आमचा चेकर हजारात पन्नास काढायचा,
आणि काढलेल्या विड्याही ठेवून घ्यायचा.
तुझा परत देतो का?

नाव सोलापूरचं देता येत नाही.
दिलं, तर पुढचा कुणी हातोडी घेऊन येईल
आणि होटगी रोडला समुद्र शोधत बसेल.
तर आईचं.
पण विडी कार्डावर ती येंकूबाई,
रेशनवर व्यंकाबाई,
फंडाच्या पासबुकात व्यंकटम्मा;
त्या एका 'ट'पायी फंड तीन वर्षं अडला.
आणि इथला नियम असा
की पहिल्यांदा जे छापलं जाईल ते राहतं,
चूक असली तरी बहुतेक राहतंच.

म्हणून आज तिला आणलंय.
इरण्णाच्या स्टुलावर बसलीय, पदरानं वारा घेत.
आई, तुझी आई हाक मारायची तसं सांग.
ती आधी डोळा भिंगाला लावते.
इंत चिन्नदा? एवढंसंच?
बोट पुढे नेते, ते काचेवर आपटतं.
बघ, म्हणते, हे मिटवलंय.
पानाचं तोंड दुमडतात तसं.
नाहीतर तंबाखू सांडतो.

मी खोडरबर शोधते.
पंखा लाव गं, म्हणते ती.
नाव सांग आधी.
सांगते. चुकीचं लिहिलंस, न बघताच म्हणते,
आणि पुन्हा सांगते,
या वेळी हळू,
मधला म्म लांबवत.