पाच औंस

खाम नदीच्या पलीकडं निजामाचा कायदा,
अलीकडं छावणीचा.
सटवा रोज दिवेलागणीला नवाबपुऱ्याकडून यायचा.
उन्हाळ्यात धोतरही वर करावं लागत नसे,
एवढं पाणी आटलेलं.
कायदा बदलला हे पायाला कळायचं नाही.

मी शमुवेल पारखे, छावणीच्या दवाखान्यात कंपाउंडर.
कुनैनच्या पुड्या बांधायच्या, पट्ट्या उकळायच्या,
मेलेल्यांचं वजन करायचं.
अख्ख्या माणसाचं नाही. आतल्या एकेका जिनसाचं.

त्या साली बंगालात बॉम्ब फुटला.
बातमी मनमाडच्या गाडीनं आली
आणि साहेब लोक उशाशी पिस्तूल घेऊन निजू लागले.
खानसाम्यानं आधी स्वतः चहाचा घोट घेऊन दाखवायचा.
पागोटेवाला कुणीही रस्त्यानं जाऊ दे,
मडमा पोरांना आत ओढायच्या.

सटवाला यातलं काही ठाऊक नव्हतं.
त्याच्या पायाच्या अंगठ्याला दोरी,
भिंतीला भोक,
भोकापलीकडं पंखा, पंख्याखाली कॅप्टन.
याला झोप लागली की त्याची मोडायची.
दोन माणसं एकाच दोरीला बांधलेली
आणि एकानं दुसऱ्याचं तोंड धड पाहिलेलं नाही.

रात्री दोनच्या टोल्यानंतर पंखा थांबला.
बूट आधी आला, मागून साहेब.

सकाळी टेबलावर होता तेव्हा
अंगठ्यावरचा वळ तसाच, ताजा.
सर्जननं पानथरी काढून माझ्या ताटलीत ठेवली,
लहानशा वांग्याएवढी, रंगही तोच.
फुटलेली होती. पण लहान होती.
मी तोलली. पाच औंस.
पुन्हा तोलली. पाच.
"चाळीस लिही," सर्जन म्हणाला, खिडकीबाहेर बघत.
टाक माझ्या हातात होता.
चारावर शून्य चढवायला कितीसा वेळ लागतो.

हिवतापानं सुजलेली पानथरी
साध्या धक्क्यानंही फुटते, असं कोर्टात ठरलं.
दंड पन्नास रुपये, कलदार.
सटवाला महिन्याला चार मिळायचे, हाली;
बट्टा जाऊन साडेतीनही भरत नसत.

रविवारी देवळात कॅप्टन पहिल्या बाकावर,
आम्ही देशी ख्रिस्ती मागं, सतरंजीवर.
पाद्री त्या दिवशी तराजूबद्दल बोलला नाही.
बाहेर चिंचेखाली गिरजी उभी होती, सटवाची बायको.
"तुमीच तोललं म्हनं," ती म्हणाली,
"किती भरला माजा मानूस?"

साहेबाला विचार, मी म्हणालो.
एवढंच म्हणालो.

पुढच्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ आला, ताप आला म्हणून.
कपाळ थंड होतं त्याचं.
मी पुडी बांधली. जरा जड बांधली.
त्याच रात्री अकरा बंगल्यांतले पंखे एकदम थांबले.
दोऱ्या भिंतीशी कापलेल्या,
टोकं इतकी साफ की घरातल्या विळीचं ते काम नव्हे.
मी दवाखान्याच्या पायरीवरून पाहिलं:
कॅप्टन ओसरीत येऊन बसलेला, सटवाच्याच जागी,
वर्तमानपत्रानं स्वतःला वारा घालत.
मांडीवर पिस्तूल.

उजाडताच झडती. एकूण एक हत्यार मोजा, हुकूम आला.
एक सुरी कमी भरत होती.
मोजदादीची वही माझ्याकडंच.
मी बारा लिहिलं.
ह्या वेळी हात थरथरला, चाळिसाच्या वेळी थरथरला नव्हता.

नऊ जण धरले. सहा परतले,
त्यातला एक कायमचा लंगडत.
न परतलेल्या तिघांतला लिंबा मला ठाऊक होता,
मोमीनपुऱ्याचा इमामोद्दीनही,
आणि गिरजीचा तो भाऊ,
ज्याला सगळे पोऱ्या म्हणून हाक मारायचे.
पुडी घेताना तो माझ्याकडं बघून हसला होता.
त्याचं नाव मी विचारलं नव्हतं.